भीमा मिस्त्रीचं लाल फडकं

भिंगारच्या भीमा मिस्त्रीचं जगातल्या तमाम रेफ्रींबद्दल एकच मत होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. टीव्हीवर दिसणारे परदेशी रेफ्री असोत, नाहीतर नगरच्या मैदानावर पोट सांभाळत पळणारे आपले पीटीचे मास्तर असोत, भीमाच्या लेखी सगळे एका माळेचे मणी. देवानं यांना डोळे दिले ते झोपताना मिटायला आणि शिट्टी दिली ती भिंगारचा गोल रद्द करायला, असं तो स्कूटरचं इंजिन उघडता उघडता गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक बिचारं ब्रेक लागत नाही म्हणून आलेलं असायचं. त्याला पेनल्टीशी काय देणंघेणं? पण गाडी भीमाच्या ताब्यात, तेव्हा मान डोलवावी लागायची.

छावणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. तरुणपणी तो भिंगार ब्ल्यू स्टारकडून फुटबॉल खेळला. गुडघा गेला तेव्हा खेळ थांबला, आणि मैदानातून उठून जो कठड्यावर बसला तो आजतागायत. आता त्याचा मुलगा पार्थ त्याच क्लबकडून पुढच्या फळीत खेळायचा. बाप भीमा आणि पोरगा पार्थ, म्हणून मैदानावर लोक या बापलेकांना पांडव म्हणायचे. बाकीचे तीन कुठं आहेत असं कुणी विचारलं, की भीमा म्हणायचा, "रेफ्रीच्या खिशात."

मैदानाच्या एका अंगाला लांबच लांब दगडी कठडा आहे आणि मधोमध एक कडुनिंब. निंबाच्या डावीकडं भिंगारवाले बसतात, उजवीकडं त्यांचे जुने प्रतिस्पर्धी, नगरच्या सावेडी भागातले लोक. कुणी पाटी लावलेली नाही, पण चुकून दुसऱ्या बाजूला बसलेल्या माणसाला पाणीसुद्धा मिळत नाही. भिंगारच्या बाजूला भीमाची जागा ठरलेली. खिशात गॅरेजातलं लाल फडकं. भिंगारचा गोल झाला की तो कठड्यावर उभा राहून ते फडकं डोक्यावर फिरवायचा, आणि सगळं भिंगार "फडकं! फडकं!" म्हणून ओरडायचं. त्या फडक्याला ऑइलचा वास यायचा, आणि ते आजवर कधी धुतलेलं नव्हतं. धुतलं की क्लब हरतो, अशी समजूत होती. न धुताही क्लब बऱ्याचदा हरायचाच, पण त्याला कारण रेफ्री.

रेफ्री म्हणजे ठुबे सर. जिल्ह्यात मोठ्या सामन्यांना शिट्टी वाजवायला हाच एक गृहस्थ. सावेडीतल्या घराण्याचा जावई, आणि भीमाला एवढं पुरेसं होतं. तो त्यांना जावईबापू म्हणायचा. सावेडीच्या पोरानं हातानं चेंडू अडवला की जावईबापू म्हणणार, खेळा खेळा. भिंगारच्या पोराच्या खांद्याला चेंडू नुसता पुसटसा लागला की पेनल्टी. एकाच सामन्यात एकाच प्रकारच्या धक्क्याला एकदा पिवळं कार्ड, एकदा तंबी आणि एकदा काहीच नाही. भाजीवाली तरी दर सांगितल्यावर दिवसभर तोच ठेवते. यांच्या नियमाला अर्ध्या तासाचाही भरवसा नाही. आणि मग कठड्यावरून भीमाचा तो प्रसिद्ध आवाज यायचा, "ओ सर, डोळे हायेत का शर्टाची बटनं?"

ही आरोळी एवढी गाजली होती, की ठुबे सर शाळेत वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "बटनं" म्हणायचं.

यंदा उपांत्य सामन्यात प्रकरण जरा हाताबाहेर गेलं. बेलापूरकडून दोन लाइन्समन आले होते, म्हणजे रेषेवर झेंडा घेऊन पळणारे रेफ्रीचे मदतनीस. चांगली सरळ माणसं. पण भीमानं त्यांची पार पूर्वजांपर्यंत चौकशी केली. सामना बघायला आलेल्या सावेडीवाल्यांनीही हातभार लावला, कारण शिव्या द्यायच्या बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत असतं. मध्यंतराला ते दोघं पाणी प्यायला म्हणून गेले, ते मोटारसायकलला किक मारून थेट गावाला. झेंडेसुद्धा घेऊन गेले. अंतिम सामन्याला येणार का, म्हणून फोन केला, तर पलीकडून एवढंच उत्तर आलं, "आमाला घरी शिव्या द्यायला बायका हायेत."

अंतिम सामना भिंगार ब्ल्यू स्टार आणि सावेडी यंगस्टर्समध्येच ठरलेला. स्पर्धेचा कार्यवाह अमृत यानं दोन्हीकडच्या लोकांना निंबाखाली बोलावलं. तो म्हणाला, "आता बाहेरचं कुनी येत न्हाई. जुन्या काळी करायचे तसं करू. दोन्ही क्लबांनी एकेक मानूस द्यायचा. चेंडू बाहेर गेला आन् ऑफसाइड, एवढंच बघायचं. बाकी सर बघतील."

"मग भिंगारकडून भीमाच घ्या," सावेडीच्या बाजूनं गनीभाई म्हणाले. "एवढं दिसतं त्याला, तर दाखवू द्या."

गनीभाईंचं सावेडीत गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान होतं. भीमा त्यांच्याकडं गिऱ्हाईक पाठवायचा, ते भीमाकडं पाठवायचे. आठवडाभर दोघं एकमेकांचा चहा प्यायचे आणि रविवारी निंबाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांचे वाभाडे काढायचे.

सगळे हसले. भीमाला ते झोंबलं. "द्या की! माज्या हातात झेंडा द्या. सख्ख्या पोराचा गोल असू द्या, ऑफसाइड असंल तर हात वर करनार म्हंजी करनार. भीमा मिस्त्री हाय मी, कुनाचा जावई न्हाई."

"हां, आन् माझा बोकड दूध दील," गनीभाई म्हणाले.

"लावता का पैज?"

"लावतो ना. तू भिंगारच्या गोलाला एकदा झेंडा दाखव. फक्त एकदा. दुसऱ्या दिवशी तुझ्या गॅरेजसमोर भर रस्त्यात उभा राहून वरडून सांगतो, नगर जिल्ह्यात इमानदार मानूस एकच, भीमा मिस्त्री. आन् येळ येऊन तू न्हाई दाखवला, तर पुन्यांदा कुठल्या रेफ्रीला कठड्यावरून एक शब्द बोलायचा न्हाई. तोंड बंद. कबूल?"

अट भीमाला भारी पडणारी होती. रेफ्रीला बोलायचं नाही तर मैदानावर जायचं कशाला? चेंडू बघायला? पण निंबाखाली सारं गाव उभं होतं. तो म्हणाला, "कबूल."

सामन्याच्या दिवशी अमृतनं शाळेच्या कपाटातून एक झेंडा शोधून आणला. एकच. तो सावेडीच्या माणसाला मिळाला, कारण तो आधी येऊन रांगेत उभा होता, आणि रांगेत सावेडीवाले कुणाला ऐकत नाहीत. भीमाला अमृत म्हणाला, "मिस्त्री, तुमी काहीतरी करा." भीमानं खिशातलं फडकं काढलं आणि बांबूच्या काठीला गच्च बांधलं. कठड्यावरून भिंगारवाल्यांनी जल्लोष केला. ठुबे सरांनी ते ऑइलनं माखलेलं निशाण दोन बोटांत धरून पाहिलं आणि हात रुमालाला पुसले.

"मिस्त्री, आज तुम्ही प्रेक्षक नाही. तोंडानं बोलायचं नाही. जे काय सांगायचं ते झेंड्यानं," ते म्हणाले.

"तुमाला दिसलं म्हंजी झालं," भीमा म्हणाला.

प्रत्येक लाइन्समनकडं आपल्या बाजूचं अर्धं मैदान असतं. भीमाच्या वाट्याला आलं ते नेमकं निंबाच्या उजवीकडचं. म्हणजे पाठीशी सगळे सावेडीवाले आणि बरोब्बर मागं गनीभाई. पूर्वार्धात सावेडीची पोरं त्याच्या दिशेनं चढाई करत होती. भीमा गुडघा ओढत रेषेवर पळत होता, आणि खरं सांगायचं तर चोख काम करत होता. सावेडीचा एक लांबट पोरगा पास निघायच्या आधीच सारखा बचावपटूंच्या पुढं घुसायचा. भीमानं दोनदा झेंडा वर केला, दोन्ही वेळा ठुबे सरांनी शिट्टी वाजवली, आणि दोन्ही वेळा मागून गनीभाई म्हणाले, "बरोबर हाय." शत्रूनं बरोबर म्हटल्यावर माणसाची छाती फुगतेच. भीमाला वाटलं, एवढं सोपं काम! हे पीटीवाले मग वर्षानुवर्षं करत काय होते?

आणि मग तो थ्रो झाला.

मधल्या रेषेजवळ चेंडूसाठी झोंबाझोंबी झाली. पार्थ मदतीला मागं आला होता. चेंडू त्याच्या बुटाला लागून बाहेर गेला, म्हणजे तो आत फेकायचा हक्क, थ्रो, सावेडीचा. भीमा दोन पावलांवर उभा होता. त्याला स्वच्छ दिसलं, आवाजसुद्धा ऐकू आला. पार्थनं बापाकडं पाहिलं. भीमाचा झेंडा क्षणभर घुटमळला आणि मग भिंगारच्या बाजूनं वळला. थ्रो भिंगारला.

कारण काय, तर काही नाही. मधल्या रेषेवरचा थ्रो, त्यानं काय कुणाचं घर बुडतंय? नंतर त्या थ्रोचं काही झालंही नाही. चेंडू पुढं गेला आणि सावेडीच्या गोलकीपरनं आरामात उचलला. पण मागून गनीभाई म्हणाले, "वा मिस्त्री, वा." फक्त एवढंच. ठुबे सरांना ते ऐकू गेलं नाही, पण भीमाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पार्थ हसत हसत आपल्या जागी निघून गेला.

मध्यंतराच्या जरा आधी पलीकडच्या टोकाला भिंगारचा गोल झाला. आणि भीमाला आपण कोण आहोत याचा विसर पडला. त्याचा हात आपोआप वर गेला, आणि झेंडा, काठी, फडकं सगळं डोक्यावर गरगर फिरायला लागलं. डावीकडच्या कठड्यावरून "फडकं! फडकं!" झालं. ठुबे सर अर्धं मैदान ओलांडून धावत आले.

"मिस्त्री! अहो लाइन्समन आहात तुम्ही! नाचताय काय?"

"चुकलं सर. हाताला सवय हाय."

"सवय आवरा. नाहीतर झेंडा काढून घेईन."

सावेडीवाले पोट धरून हसले. अशी शोभा भीमाची आयुष्यात कधी झाली नव्हती, आणि तीही जावईबापूंच्या हातून. तो मध्यंतरभर एकटाच गोलच्या खांबापाशी उभा राहिला. चहासुद्धा घेतला नाही.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. आता पार्थ आणि भिंगारची पोरं भीमाच्या दिशेनं चढाई करत होती. पलीकडच्या टोकाला, भीमापासून लांब, सावेडीची चढाई झाली. चेंडू भिंगारच्या बचावातल्या पोराच्या छातीला आपटला, निदान भीमाला तरी छातीलाच दिसला, आणि ठुबे सरांनी पेनल्टी दिली. पूर्वार्धात सावेडीच्या पोरानं कोपरानं चेंडू खाली दाबला होता, तेव्हा याच माणसानं "खेळा" म्हणून हात हलवले होते. छाती म्हणजे हात आणि कोपर म्हणजे हवा! असली शरीररचना कुठल्या कॉलेजात शिकवतात, हे एकदा विचारायचं भीमाच्या ओठांवर आलं होतं. आरोळी गळ्यापर्यंत आली. त्यानं दात आवळले आणि ती गिळली. सावेडीचा गोल झाला. एक-एक.

डावीकडून भिंगारवाले ठुबे सरांचा उद्धार करत होते, पण त्यात जान नव्हती. नेहमीचा आवाज आज रेषेवर उभा होता. शिव्या म्हणजे काय तर नुसत्या आई-बहिणी. त्याला ना चव ना ढब. भीमाला आपल्या लोकांची अगदी कीव आली.

सामना संपत आला. बरोबरीच राहिली तर पेनल्ट्यांवर निकाल, आणि पेनल्ट्यांत भिंगारचा हात कायम तोकडा. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून भिंगारची पोरं जिवाच्या आकांतानं पळत होती. मधून कुणीतरी लांब पास मारला. पार्थ धावला. पण तो आधीच पुढं होता. पास निघाला त्या क्षणी पार्थ आणि गोल यांच्यामध्ये फक्त गोलकीपर उरला होता. सावेडीचा शेवटचा बचावपटू पार्थच्या हातभर मागं होता. भीमा त्या बचावपटूच्या बरोबर रेषेत उभा होता. यापेक्षा स्वच्छ ऑफसाइड शाळेच्या फळ्यावरसुद्धा काढता आला नसता.

भीमाचा हात वर गेला.

त्यात प्रामाणिकपणा किती आणि गनीभाईंची जिरवायची हौस किती, हे त्याला पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. पण गेला. काठी सरळ, फडकं वर. त्या क्षणी त्यानं गोलकडं पाहिलंच नाही. मान वळवून मागं कठड्याकडं पाहिलं, की बघा गनीभाई, बघून घ्या. पण गनीभाई उभे राहून मैदानाकडं डोळे फाडून बघत होते. सगळा कठडा पार्थकडं बघत होता. मग भीमानं मान पुन्हा मैदानाकडं वळवली. पार्थनं पळता पळता एकदा रेषेकडं नजर टाकली. बापाचा वर गेलेला झेंडा त्याला दिसला. त्याचा एक पाय अडखळला, वेग कमी झाला. शिट्टी वाजली नाही. मग त्यानं मान वळवली आणि चेंडू गोलकीपरच्या बगलेतून आत सारला.

"फडकं! फडकं! फडकं!"

ठुबे सर मागून पळत येत होते. भीमाकडं त्यांचं लक्ष गेलं तेव्हा चेंडू जाळीत होता आणि मिस्त्रीच्या डोक्यावर लाल फडकं होतं. त्यांनी कपाळाला हात लावला, शिट्टी वाजवली आणि मधल्या रेषेकडं बोट दाखवलं. गोल.

भीमाला काही कळेना. तो झेंडा तसाच ताठ धरून उभा राहिला. मग गुडघा विसरून मैदानात पळत सुटला.

"सर! ओ सर! ऑफसाइड हाय! झेंडा वर केलाय मी, बघा की!"

ठुबे सर थांबले. घामानं निथळत होते. त्यांनी भीमाकडं असं पाहिलं, की इतक्या वर्षांचा सगळा कठडा त्यांना एकाच माणसात दिसला असावा.

"मिस्त्री, मघाशी पण वर केला होतात. सवय आहे ना हाताला?"

"तवा नाचत हुतो. आता न्हाई नाचत. पोरगा पुढं हुता सर. हातभर पुढं हुता. देवाशपथ."

"तुमच्या बाजूनं दिलं तरी बोंब?" ठुबे सर म्हणाले. "वर्षानुवर्षं तुम्ही तिथं बसून सांगता, जो ओरडेल त्याचं ठुबे ऐकतो, ठुबेला कणा नाही. आज माझा निर्णय बदलणार नाही. जा आपल्या जागेवर."

"अवो पन चुकीचा हाय निर्नय!"

"नेहमीच असतो. तुम्हीच म्हणता," असं म्हणून जावईबापू निघून गेले.

सावेडीच्या पोरांनी ठुबे सरांना घेरलं, पण कुणी भीमाला विचारलं नाही. कशाला विचारतील? भिंगारचा माणूस, भिंगारचा गोल, हातात भिंगारचं फडकं. उरलेला थोडा वेळ चेंडू इकडून तिकडं हेलपाटला आणि शेवटची शिट्टी झाली. डावीकडचा सगळा कठडा मैदानात उतरला. पहिला कप कुणी उचलला नाही, पहिला भीमा उचलला. चार पोरांनी खांद्यावर घेतला, कुणीतरी गुलाल फेकला, हलगी वाजायला लागली.

"सोडा रे, खाली उतरवा, माजं ऐका," भीमा वरून ओरडत होता. पण हलगीच्या आवाजात स्वतःचं नावसुद्धा ऐकू येत नाही. भिंगारच्या वेशीपर्यंत त्यानं तीन-चार जणांना सांगून पाहिलं. एकानं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. वेशीपाशी बायका ओवाळायला उभ्या होत्या. इतक्या वर्षांनी कप भिंगारमध्ये येत होता. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. आणि तिथं कधीतरी भीमा ओरडायचा थांबला. सांगायचं तर अमृतला सांगता आलं असतं, तो मागच्याच गाडीवर होता. नाही सांगितलं. खांद्यावरून गाव फार छान दिसत होतं, हे त्याचं कारण, आणि दुसरं कारण शोधायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत.

सकाळी गॅरेज उघडून तो बसला तेव्हा अंगावरचा गुलाल पुरता गेला नव्हता. पार्थ एका कोपऱ्यात स्कूटरचं चाक काढत बसला होता. बापलेकांत रात्रीपासून गोलविषयी एक शब्द झाला नव्हता. तेवढ्यात गनीभाईंची गाडी आली. त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. भीमाला एकदम वाटलं, आले! त्यांनी पाहिलं असणार. आता हे रस्त्यात उभे राहून ओरडणार.

गनीभाईंनी बॉक्स टेबलावर ठेवला. "मुबारक हो मिस्त्री. झेंडा लई भारी नाचवला."

"नाचवला न्हाई, गनीभाई. ऑफसाइड दाखवला. तुमच्याकडं वळून बघितलं मी. आईशपथ."

गनीभाईंनी खिशातून मोबाईल काढला आणि व्हिडिओ लावला. सकाळपासून तो साऱ्या नगरभर फिरत होता. व्हिडिओ सुरूच होत होता चेंडू जाळीत गेल्यानंतर. त्यात भीमा मिस्त्री झेंडा उंच धरून उभा होता. मग मध्येच तुकडा जोडलेला, आणि भीमा पोरांच्या खांद्यावर. हातात फडकं, तोंडात पेढा. आणि हसत होता. चांगला तोंडभरून हसत होता.

"हा रडतोय का?" गनीभाईंनी विचारलं.

"ते नंतरचं हाय."

"तो मधल्या रेषेवरचा थ्रो आधीचा हुता. ते बी बघितलं मी." गनीभाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भीमाला बरं वाटलं असतं. "मिस्त्री, मला खरंच वाटलं हुतं रे. पूर्वार्धात तू आमचे दोन ऑफसाइड दाखवले ना, तवा मी बाजूच्याला म्हनलो, येडा हाय, पन सच्चा हाय. आज रस्त्यात वरडायची तयारी केली हुती मी. पन तुमी सगळे सारखेच. ठुबे तरी शिट्टीचे धडे घेऊन आलाय."

तमाम रेफ्रींच्या माळेत आता भीमाही एक मणी झाला होता. त्याचं डोकं फिरलं. "थांबा. साक्षीदार हाय माझा. पार्थ! ऊठ, इकडं ये. सांग यांना. पळताना तू माझ्याकडं बघितलं का न्हाई? झेंडा वर हुता का न्हाई?"

पार्थनं चाक खाली ठेवलं. काल रात्री साऱ्या भिंगारनं त्याला मिठ्या मारल्या होत्या. क्लबच्या पोरांनी त्याच्या नावानं घोषणा दिल्या होत्या. त्यानं हात पुसायला म्हणून बापाच्या खांद्यावरचं लाल फडकं ओढून घेतलं आणि बोटं एकेक करून पुसली.

"मला काय म्हाईत, बाबा," तो म्हणाला. "मी गोलकडं बघत हुतो."

गनीभाईंनी एक पेढा उचलून भीमासमोर धरला. "खा. आन् ठरल्याप्रमानं आता तोंड बंद. रविवारी येशील ना कठड्यावर? ये. नुसता बस." ते गाडीला किक मारून निघून गेले.

भीमा पोरासमोर उभा राहिला. सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाणारा तो आवाज आज कुजबुजण्याएवढा निघाला.

"पार्थ, डोळे हायेत का बटनं?"

पार्थ पुन्हा चाकाशी बसला होता. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.

"तुमच्यावर गेलेत, बाबा," तो म्हणाला. "त्या थ्रोच्या येळंला माझ्या बुटाला लागलेला चेंडू तुमाला कुठं दिसला?"

आणि त्यानं फडकं बापाच्या अंगावर टाकून पाना हातात घेतला.